लसीकरण कक्षातील पुस्तक

यंदाच्या जमाखर्चात ‘बालरोग विभाग : चित्रपुस्तके’ ही खर्चाची बाब आपल्या नजरेस पडेल. रुग्णालयाने औषधे घ्यावीत, उपकरणे घ्यावीत. पुस्तके कशासाठी, अशी पृच्छा काही सन्माननीय देणगीदारांनी केली आहे. प्रश्न रास्त आहे. दात्यांच्या पै न पैचा हिशेब देणे हे आमचे कर्तव्य असल्याने त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

आरंभी बालरोग बाह्यरुग्ण विभागात बाकांशेजारी काही चित्रपुस्तके ठेवली होती. महिनाअखेरीस साठा मोजला तेव्हा बरीच कमी भरली. कपाटाला कुलूप लावावे, असे आम्ही सुचविले. त्यावर आमच्या बालरोगतज्ज्ञांनी विचारले, ‘‘ज्या घरात एकही पुस्तक नव्हते तेथे ते गेले असेल, तर तूट कोणाची झाली?’’ आम्ही निरुत्तर झालो. कुलूप लागले नाही; उलट पुस्तक रीतसर हाती देण्याची पद्धत सुरू झाली.

ही कल्पना मूळची आमची नव्हे. अमेरिकेतील बोस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये डॉ. बॅरी झुकरमन, डॉ. रॉबर्ट नीडलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली ‘रीच आउट अँड रीड’ हा उपक्रम सुरू केला. नियमित तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी बालकाला वयानुरूप पुस्तक द्यावे आणि ते त्याच्यासोबत कसे वाचावे हे पालकांना समजावून सांगावे, असे त्याचे साधे स्वरूप आहे. पुढे २०१४ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने असे मार्गदर्शन हा प्राथमिक बालआरोग्यसेवेचाच भाग असावा, अशी शिफारस केली.

हे काम शाळेवर का सोपवू नये? कारण शाळेची पायरी चढण्यापूर्वीच भाषेचा पाया घातला गेलेला असतो. पहिल्या तीन वर्षांत मेंदूची वाढ अत्यंत वेगाने होते आणि त्या काळात कुटुंबाचा नियमित संबंध येतो तो लसीकरणाशी. जन्मानंतर सहावा, दहावा व चौदावा आठवडा, नववा महिना, सोळा ते चोवीस महिने, शिवाय पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व ‘अ’ची मात्रा, अशा फेऱ्या होतच असतात. त्याच फेरीत दोन मिनिटे पुस्तकासाठी काढली, तर पालकांचा वेगळा दिवस मोडत नाही.

डॉक्टरांच्या हाती पुस्तक हे तपासणीचे साधनही ठरते. सहा महिन्यांचे बाळ ते पकडून तोंडात घालते. वर्षाच्या सुमारास चित्राकडे बोट दाखवू लागते. दोन वर्षांचे मूल पाने उलटून ओळखीच्या वस्तूंची नावे घेते. बाळाची नजर, हाताची पकड, हाकेला दिलेला प्रतिसाद हे सारे त्यात सहज दिसते. शंका आल्यास पुढील तपासण्या वेळेवर करता येतात.

आमच्यासमोरची खरी अडचण निराळीच होती. ‘‘मला वाचता येत नाही,’’ असे म्हणून संकोचाने पुस्तक परत करणाऱ्या माता आम्ही पाहिल्या आहेत. त्यांना आम्ही आवर्जून सांगतो, की अक्षरे यावयास हवीत असे मुळीच नाही. बाळाला मांडीवर घ्यावे, चित्रातील गाय, चिमणी, चंद्र दाखवावा आणि आपल्या घरच्या बोलीत त्याच्याशी बोलावे. चिऊकाऊची गोष्ट सांगणाऱ्या आजीला कोणी शिक्षणाचा दाखला विचारला नव्हता. बाळाला हवा असतो तो आपल्या माणसाचा आवाज. मोबाइलचा पडदा त्याची जागा घेऊ शकत नाही. दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवावे, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२१ साली सुचविले आहे.

पुस्तक हे लसीला वा पोषक आहाराला पर्याय नाही, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. बऱ्या झालेल्या रुग्णांप्रमाणे या खर्चाचे फळ वर्षअखेरीस आकड्यांत मांडता येणार नाही, हेही नम्रपणे नमूद करतो. तरीही हा खर्च आम्ही भेटवस्तूंच्या सदरात न दाखविता बालरोग विभागाच्या उपचारखर्चात दाखविला आहे. त्याची योग्य जागा तीच, अशी आमची धारणा आहे.

दात्यांनी या कार्यास हातभार लावावा, ही विनंती. आणि पालकहो, पुढील लसीकरणास येताना लसीकरण कार्डासोबत ते पुस्तकही जरूर आणावे. ते चुरगळलेले, चावलेले असले तरी संकोच करू नये. ते वापरले गेले, याचीच ती पोच होय.