बालकांचे पशुवेष

शाळांची स्नेहसंमेलने जवळ येऊ लागली की घरोघरी एकच खल सुरू होतो : धाकट्याला यंदा काय करावयाचे? ससा, वाघ की हत्ती? विदर्भात तर तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन निघणाऱ्या बालगोपाळांसही नटविण्याची चाल आहे. पुष्कळ घरांतून हल्ली या प्रश्नाचा निकाल भाड्याच्या दुकानात लागतो. तेथील केसाळ कापडाचा अस्वलाचा पोषाख किती मुलांच्या अंगावरून आला आणि शेवटचा कधी धुतला, हे दुकानदारासही सांगता येत नाही. ज्या घरात आजीची सुई, काकूंची कात्री आणि आत्याबाईंची हौस एका छपराखाली नांदते, त्या घराने असला पोषाख आणावा हे आम्हांस तरी रुचत नाही.

परंतु आमच्या आग्रहाचे खरे कारण निराळे आहे. काही वर्षांपूर्वी एका संमेलनात आम्ही चार वर्षांचा एक सिंह पाहिला. पुठ्ठ्याचा जाड मुखवटा, भरघोस आयाळ आणि गळ्याशी घट्ट बांधलेली नाडी. रंगमंचावर येताच मुखवटा खाली सरकला, डोळ्यांची भोके गालांवर आली आणि ते पोर अंधारात चालू लागले. कडा दोन पावलांवर राहिली असता एका शिक्षिकाबाईंनी धावत जाऊन त्यास धरले. प्रेक्षक हसत होते; त्यांस तो अभिनयच वाटला. आत मूल रडत होते, हे मुखवटा काढल्यावर कळले.

तेव्हा आमचा पहिला आणि मुख्य नियम हा की, सहा वर्षांखालील मुलाचे तोंड झाकू नये. श्वास आणि दृष्टी ही दोन कारणे उघडच आहेत. तिसरे मनाचे आहे. ऱ्हेटा डेव्रीस या अमेरिकन विदुषींनी 1969 साली एक मोठा मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांस त्यांनी एक गरीब मांजर दाखविले. मग त्याचे डोके आडोशास घेऊन त्यावर उग्र कुत्र्याचा मुखवटा चढविला. शेपटीकडचा भाग सर्व वेळ मुलांच्या डोळ्यांसमोरच होता. तरीही तीन वर्षांच्या पुष्कळ मुलांस मांजराचा खरोखरीच कुत्रा झाला असे वाटले. सहा वर्षांची मुले मात्र बहुधा फसली नाहीत. घरातील काकाने वाघाचा मुखवटा चढविताच तान्हे पोर किंचाळते, त्यास कोणी भित्रे म्हणू नये. त्याच्या लेखी काका गेलेला असतो आणि वाघ आलेला असतो.

आपल्या पूर्वसूरींनीही या विषयाची उपेक्षा केलेली नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आहार्याभिनयाचा स्वतंत्र अध्याय असून त्यात नेपथ्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव असे चार प्रकार सांगितले आहेत. रंगभूमीवर होणारा प्राण्यांचा प्रवेश तो संजीव. जड अलंकारांनी नट थकतो, त्यास घाम सुटतो, मूर्च्छाही येते, म्हणून ते लाखेसारख्या हलक्या द्रव्याचे करावेत, असेही तेथे सांगितले आहे. कसलेल्या नटांविषयी मुनींस एवढी काळजी. आपल्यासमोर तर चार वर्षांचे मूल आहे.

असो. प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आपल्या घरांतून पिढ्यान्पिढ्या चालत आलेली कुंची हाच पशुवेषाचा उत्तम पाया आहे, असे आमचे मत आहे. तिने डोके आणि पाठ झाकते, तोंड मोकळे राहते. फक्त हनुवटीखालचे बंद काढून टिचबटन लावावे, म्हणजे ओढ बसताच ते आपोआप सुटेल. जुन्या धोतराची पांढरी कुंची, तिच्यावर लग्नपत्रिकेचा पुठ्ठा आत घातलेले दोन लांब कान, की ससा तयार. तेच कापड हळदीच्या पाण्यात उकळून काळ्या चिंध्यांचे पट्टे टाचले की वाघ. हळदीचा रंग उन्हात उडतो, पण एका संध्याकाळीपुरता पुरतो. मिशा चिकटवू नयेत. घरच्या काजळाने गालांवर रेघा ओढाव्यात. बाजारातील सुरमा नको, त्यात शिसे असू शकते.

कासव करावयाचे तर पसरट, हलकी बांबूची टोपली हिरव्या कापडाने मढवून दप्तरासारखी पाठीस लावावी. कापड चिकटविण्यास कणकेची खळ पुरे. किडीच्या भयाने तीत मोरचूद घालण्याची जुनी रीत येथे कटाक्षाने टाळावी, कारण ते विष आहे.

हत्तीची सोंड नाकावर बांधण्याच्या खटपटीत सर्वच जण पडतात. त्यापेक्षा करड्या सदऱ्याची एक बाही वीतभर लांब ठेवावी. हात हीच सोंड. ती उचलता येते, डुलविता येते, आणि मुलास तिचा कंटाळा म्हणून येत नाही. पंचतंत्रातील गाढवास वाटले की वाघाचे कातडे पांघरले म्हणजे झाले. ते ओरडले आणि फसले. बालकास याच्या उलट ठाऊक असते. चाल आणि आवाज साधला की कातड्यावाचून त्याचे अडत नाही.

शेपटी गुडघ्याच्या खाली जाऊ नये आणि ती कच्च्या धावदोऱ्यानेच टाचावी. कोणाचा पाय पडला तर शेपटी तुटावी, मूल पडू नये. डोळ्यांसाठी मणी लावू नयेत. लहान मुले ते गिळतात. कापड सुतीच हवे, आणि तरीही समईपासून दूरच. नायलॉन तर पेटले असता वितळून कातडीस चिकटते. सदरा व विजार निराळी असावी. लघुशंकेची घाई झालेल्या वाघास आईकडून तीस टाके उसवून घ्यावे लागणे ही मोठी नामुष्की होय.

वेष समारंभाच्या आदल्या रात्री तयार होऊन उपयोगी नाही. आठ दिवस आधी तो मुलाच्या हाती द्यावा; कान त्यानेच निवडावेत, खळ त्यानेच फासावी, आरशासमोर हवे तितक्या वेळा चढवावा आणि उतरवावा. समारंभ आटोपल्यावर कान उसवून कुंची धुऊन ठेवावी, म्हणजे घरात पुढे येणाऱ्या बाळास ती होईल. कासवाची टोपली मात्र लसूण ठेवण्यास परत हवी म्हणून आजी दुसऱ्याच दिवशी मागतात. तेवढी मुदत आठवडाभर वाढवून घ्यावी.