नशा वेगळी, दवा वेगळी: गांजा, मॉर्फिन आणि आपल्या घरातला रुग्ण

परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये दररोज कोकण, मराठवाडा, विदर्भ आणि बाहेरच्या राज्यांतूनही रुग्ण येतात. त्यांत आपली कुटुंबेही असतात. कोणी नागपाडा-भायखळ्याला नातेवाइकांकडे उतरते, कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. आजाराबद्दल ही माणसे मोकळेपणाने बोलतात. पण दोन शब्द आले की आवाज खाली जातो. एक मॉर्फिन, दुसरा गांजा. पहिले अफूपासून मिळते, दुसरे भांगेच्या झाडापासून. दोन्ही म्हणजे नशा, नशा म्हणजे हराम, आणि विषय तिथेच बंद.

विषय बंद केल्याने दोन प्रकारचे नुकसान होते. डॉक्टरांनी लिहिलेली वेदनेची गोळी घरचे लोक कपाटात ठेवून देतात आणि रुग्ण रात्रभर कण्हत राहतो. दुसरीकडे व्हॉट्सअॅपवर कोणी ‘कॅन्सर बरा करणारे गांजाचे तेल’ विकतो, घरचे ते गुपचूप घेतात आणि गुपचूप असल्यामुळे डॉक्टरांना सांगत नाहीत. दोन्हीकडे त्रास रुग्णालाच. म्हणून या विषयावर उघडपणे बोलणे गरजेचे आहे.

झाडात नेमके काय आहे?

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. पाने म्हणजे भांग, फुलांचे शेंडे म्हणजे गांजा आणि चीक म्हणजे चरस. या झाडात शंभराहून जास्त विशेष घटक आहेत. त्यातले दोन लक्षात ठेवा. टीएचसी या घटकाने डोके चढते, म्हणजे नशा होते. सीबीडी या घटकाने तशी नशा होत नाही. इस्राएलचे शास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३-६४ मध्ये या दोन्ही घटकांची रचना उलगडली, आणि तेव्हापासून ‘गांजा’ या एका शब्दाऐवजी घटक आणि मात्रा यांवर बोलणे शक्य झाले.

औषध म्हणून हे झाड काही आजचे नाही. अंदलुसचे वनस्पतितज्ज्ञ इब्न अल-बैतार (मृत्यू १२४८) यांनी औषधी वनस्पतींच्या ग्रंथात त्याची नोंद केली आहे. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले डॉक्टर ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये धनुर्वात, संधिवात आणि लहान बाळाच्या आकडीवर भांगेच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले. युरोपच्या डॉक्टरांचे लक्ष या औषधाकडे वळले ते बरेचसे भारतातूनच.

कशावर उपयोग होतो, कशावर नाही

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये झाडातून काढलेल्या शुद्ध सीबीडीच्या औषधाला मंजुरी दिली. ती मंजुरी तेव्हा लहान मुलांच्या दोन अवघड मिर्गींसाठी होती: ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ. केमोथेरपीनंतरच्या उलट्यांसाठी टीएचसीसारखी काम करणारी दोन औषधे तिथे १९८५ मध्येच मंजूर झाली होती. मल्टिपल स्क्लेरॉसिस या आजारात स्नायू आखडतात, त्यासाठी ब्रिटनने २०१० मध्ये तोंडात फवारायचे औषध मंजूर केले.

आता दुसरी बाजू. गांजाच्या तेलाने माणसाचा कॅन्सर बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. ऑपरेशन, केमो किंवा रेडिएशन सोडून तेलावर राहणे म्हणजे हातातली वेळ घालवणे. सीबीडीही निरुपद्रवी पाणी नाही. त्याने यकृतावर परिणाम होऊ शकतो. मिर्गीच्या काही गोळ्या आणि रक्त पातळ करणारे वॉरफरिन यांच्याशी ते गुंतते. आणि शाळा-कॉलेजच्या वयात गांजा ओढणे मेंदूला घातक आहे. शिक्षक म्हणून हे मी मुलांना नेहमी सांगतो. औषधाची बाजू समजावून देणे म्हणजे नाक्यावरच्या पुडीला परवानगी देणे नव्हे.

कायदा काय म्हणतो?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजा आणि चरस जवळ बाळगण्यावर, विकण्यावर बंदी आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामाचा अपवाद ठेवलेला आहे. शेंडे नसलेली पाने आणि बिया केंद्राच्या व्याख्येत येत नाहीत. मात्र महाराष्ट्रात भांगेवर राज्याच्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. भांगेचे पान असलेली आयुर्वेदिक औषधे परवानाधारक कंपन्या बनवतात आणि त्यांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापावा लागतो.

थोडा गांजा जवळ असला तर चालतो, असा एक गैरसमज आहे. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ धरला जातो हे खरे, पण त्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ‘अब्बांच्या दुखण्यासाठी आणला’ असे सांगून सुटका होत नाही.

जगाची भूमिकाही बदलते आहे. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले. मतदान २७ विरुद्ध २५ झाले आणि भारताने बाजूने मत दिले. तरी गांजा नियंत्रित पदार्थ राहिलाच. त्याच्या वैद्यकीय उपयोगाचा विचार झाला, इतकाच त्याचा अर्थ.

परळने शिकवलेला धडा

लाजेची किंमत काय असते, हे मॉर्फिनच्या बाबतीत आपल्या शहराने पाहिले आहे. टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सुरू झाले. टाटाचेच सर्जन डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये बांद्र्याला शांती अवेदना हे भारतातले पहिले हॉस्पिस उभे केले, जिथे बरे न होणाऱ्या रुग्णांच्या वेदनेची काळजी घेतली जाते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी पायरीपायरीने औषध देण्याची पद्धत सांगितली. वरच्या पायरीवर मॉर्फिन होते.

पण १९८५ च्या कायद्यानंतर मॉर्फिनसाठी इतके परवाने लागू लागले की अनेक हॉस्पिटलांनी ते ठेवणेच सोडले. कायदेशीर अफू पिकवणाऱ्या आपल्या देशात रुग्ण मात्र वेदनेत राहिले. शेवटी २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिनसह काही औषधांना ‘अत्यावश्यक’ दर्जा मिळाला आणि मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणे सोपे झाले.

कायदा बदलला, पण घरातली भीती तशीच आहे. पालक कधी कधी हॉस्पिटलची कागदे वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. ‘सर, ही गोळी दिली तर अम्मीला सवय लागेल ना?’ हा प्रश्न ठरलेला. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या मात्रेत, घड्याळाप्रमाणे घेतलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा नशेडी होत नाही. सुरुवातीचे काही दिवस गुंगी येते. बद्धकोष्ठता होते, त्यासाठी वेगळे औषध देतात. गोळी एकदम बंद करायची नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची. आणि मॉर्फिन लिहून दिले म्हणजे माणूस आता चालला, असेही नाही. वेदना कमी झाली की रुग्ण जेवतो, झोपतो, घरच्यांशी बोलतो.

दीनचा प्रश्न

फतवा देणे माझे काम नाही. पण मौलानांना प्रश्न कसा विचारायचा, हे सांगू शकतो. ‘गांजा जायज आहे का?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ असेच येणार. त्याऐवजी डॉक्टरांचा कागद घेऊन जा आणि सांगा: आजार हा आहे, औषध हे आहे, मात्रा इतकी आहे, याने नशा होते किंवा होत नाही, आणि दुसरे औषध चालले नाही. मौजमजेसाठी नशा आणि मजबुरीत इलाज यांतला फरक फिकहच्या विद्वानांनी फार पूर्वीपासून केला आहे. इलाज करणे सब्रच्या विरुद्ध नाही. रमजानमध्ये आजाऱ्याला रोजाची सवलत आहे. तेव्हा रुग्णाने आपल्या मनाने गोळीची वेळ चुकवू नये, आधी डॉक्टरांना आणि आलिमांना विचारावे.

घरात काय करायचे?

वेदना, उलट्या किंवा आकडी थांबत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. टाटामध्ये वेदनेसाठी पॅलिएटिव्ह केअरचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे पाठवा म्हणून विचारा. सोशल मीडियावरून तेल घेऊ नका. आधीच घेत असाल तर बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा. रागावतील, पण दुसऱ्या गोळ्यांशी त्याचा मेळ बसतो की नाही ते तरी पाहतील. भांगेचे पान असलेले औषध कोणी लिहून दिले तर परवाना क्रमांक, मात्रा आणि लिहून देणाऱ्याची नोंदणी बघा, आणि ती चिठ्ठी जपून ठेवा. नियंत्रित औषधे कुलपात ठेवा, उरलेली हॉस्पिटलला परत द्या.

आणि शेजारच्या घरात कोणी मॉर्फिन घेत असेल, किंवा एखाद्या मुलीला मिर्गी असेल, तर त्याची चर्चा जिन्यावर नको. लोक काय म्हणतील या धाकाने त्या घराने इलाज लपवला, तर त्यात आपलाही वाटा असतो.