घराचे छप्पर आणि विजेची गाडी : हिशेब कसा मांडावा?

दूध संकलन केंद्रावर कॅन पोहोचविणे, आठवड्याच्या बाजारात भाजीपाला नेणे, मुलांना शाळेत सोडणे, या रोजच्या कामांसाठी शेतकऱ्याच्या घरी दुचाकी आता आवश्यक होऊन बसली आहे. पेट्रोलचा खर्च वाढत गेल्यामुळे विजेवर चालणारी दुचाकी घ्यावी, आणि ती वीज आपल्याच छपरावर सूर्यप्रकाशापासून तयार करावी, हा विचार कित्येक कुटुंबांत सुरू झाला आहे. विचार चांगला आहे. परंतु तो कर्ज काढून अमलात आणावयाचा असल्याने आधी नीट हिशेब मांडणे इष्ट होय. हिशेब चुकला तर चांगल्या वस्तूचेही ओझे होते.

गाडीला वीज किती लागते?

विजेच्या दुचाकीला १०० कि. मी. अंतरासाठी सर्वसाधारणपणे ३ ते ४ युनिट वीज लागते. चारचाकी मोटारीस त्याच अंतरासाठी सुमारे १५ युनिट लागतात. उलटपक्षी, १ किलोवॉटचा सौरसंच आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दररोज सुमारे ४, म्हणजे महिन्यास सुमारे १२० युनिट वीज देतो. त्यासाठी सावलीविरहित अशी सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. उन्हाळ्यात उत्पन्न अधिक येते. आषाढ-श्रावणात आभाळ भरलेले असताना ते पुष्कळ घटते.

समजा, एका दूध उत्पादकाची दुचाकी रोज ४० कि. मी. याप्रमाणे महिन्यातील २५ दिवस धावते. म्हणजे अंतर १,००० कि. मी. झाले. त्यास सुमारे ३५ युनिट वीज पुरे. यावरून ध्यानात येईल की, १ किलोवॉटच्या संचाचा जेमतेम एक तृतीयांश भागच गाडीच्या वाट्यास जातो. यास्तव केवळ दुचाकीसाठी सौरसंच बसविणे किफायतशीर नाही. घर आणि गाडी दोहोंसाठी मिळून तो बसवावा.

दोन बचती वेगळ्या ठेवाव्यात

येथेच बहुधा चूक होते. वरील १,००० कि. मी. साठी पेट्रोलची गाडी लिटरला ४५ कि. मी. देत असेल, तर २२ लिटर पेट्रोल लागते. लिटरला १०० रुपये धरल्यास २,२०० रुपये होतात. संच विकणारा सांगतो, "महिन्यास बावीसशे वाचतात, सरकारी साहाय्य वजा जाता संचाचे ३५,००० रुपये सोळा महिन्यांत फिटतील." हे गणित फसवे आहे. पेट्रोल वाचते ते गाडी बदलल्यामुळे, छपरामुळे नव्हे. सौरसंच नसता तरी ती गाडी घरच्या साध्या विजेवर चाललीच असती. शिवाय ती बचत पुष्कळदा नव्या गाडीच्या हप्त्यात आधीच खर्ची पडलेली असते. एकच रुपया दोन कर्जांना पुरत नाही.

आता छपराचा खरा हिशेब पाहू. महावितरणचे घरगुती दर पायरीने चढतात. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो. त्यापुढील ३०० पर्यंतच्या युनिटांचा दर जवळजवळ दुप्पट असतो. घराचा वापर १०० युनिट असेल, तर गाडीचे ३५ युनिट नेमके वरच्या पायरीवर जातात. सौरवीज बिलातून वजा होते तेव्हा प्रथम हेच महाग युनिट कमी होतात. वरचा दर ११ रुपये व खालचा ६ रुपये धरल्यास, १२० युनिटांपैकी ३५ युनिटांचे ३८५ व उरलेल्या ८५ युनिटांचे ५१० असे सुमारे ९०० रुपये महिन्यास वाचतात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो.

१ किलोवॉटच्या संचास ६५,००० रुपये खर्च आला असे धरू. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सूर्यघर योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत मंजूर आहे. तीत पहिल्या २ किलोवॉटपर्यंत प्रत्येकी ३०,००० रुपये व तिसऱ्या किलोवॉटसाठी १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये साहाय्य मिळते. आपल्या उदाहरणात ३५,००० रुपये पदरचे राहतात. ते सुमारे सव्वातीन वर्षांत, कर्जाचे व्याज धरल्यास आणखी काही महिन्यांनी वसूल होतात. चांगल्या पॅनेलचे आयुष्य सुमारे २५ वर्षे असते. इन्व्हर्टर मात्र त्याआधी बदलावा लागतो. सोळा महिन्यांचे नव्हे, तरी हे काम फायद्याचे आहे. फक्त कर्जाचा हप्ता ९०० रुपयांच्या बचतीवर बेतावा, २,२०० रुपयांवर नव्हे.

ऊन दिवसा, गाडी रात्री

दुसरी अडचण वेळेची. ऊन असते तेव्हा गाडी बाहेर असते. ती घरी येते तेव्हा सूर्य मावळलेला असतो. ही अडचण नेट मीटरने दूर होते. दिवसा जास्त झालेली वीज तारांवर जाते व तिची नोंद होते. रात्री घेतलेली वीज तीतून वजा होते. वर्षाअखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटांना मात्र कमी दराने मोबदला मिळतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवू नये. दुपारी गाडी घरी असेल, तर ती तेव्हाच चार्ज करावी.

एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. साधा नेट मीटरचा संच गावची वीज गेली की आपोआप बंद पडतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला तारेतून धक्का बसू नये म्हणून ही योजना असते. भर दुपारी ऊन असले तरी त्या वेळी गाडी चार्ज होणार नाही. भारनियमनातही वीज हवी असल्यास निराळा इन्व्हर्टर व साठवणीची बॅटरी लागते, आणि खर्च पुष्कळ वाढतो. दुचाकीपुरते पाहता, वीज असलेल्या वेळी चार-सहा तास चार्जिंग करणे स्वस्त पडते.

छप्पर, जोडणी व सुरक्षितता

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून थोडी तिरकी बसवावीत. शेजारचे आंब्या-निंबाचे झाड किंवा पाण्याची टाकी यांची सावली एका पॅनेलवर पडली तरी संपूर्ण ओळीचे उत्पन्न घटू शकते. जुन्या कौलारू अगर पत्र्याच्या छपरावर संच बसविण्यापूर्वी वासे व कैच्या भार आणि वारा सोसतील काय, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. धूळ बसल्यावर पॅनेल सकाळी, ती थंड असताना, पाण्याने धुवावीत.

शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडी कदापि चार्ज करू नये. ज्या कारणासाठी जोडणी मंजूर झाली त्याहून अन्य कारणासाठी ती वापरणे हे वीज अधिनियम, २००३ अन्वये अनधिकृत ठरते. चार्जिंगचा प्लग अर्थिंग असलेला असावा. गोठ्यातून लोंबती वायर ओढून किंवा कडब्याच्या गंजीजवळ गाडी लावून चार्जिंग करू नये. लांबून आलेल्या गाडीची बॅटरी तापलेली असते; ती निवल्यावरच प्लग लावावा.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी विक्रेत्याची वाट न पाहता स्वतः पुढे व्हावे. इच्छुक कुटुंबाकडून मागील बारा महिन्यांची वीजबिले मागवावीत व पुढील चार प्रश्न विचारावेत. महिन्यास युनिट किती लागतात? गाडी रोज किती धावते? छपरावर सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत ऊन असते काय? कर्जाचा हप्ता वीजबिलातील बचतीत बसतो काय? चारही उत्तरे समाधानकारक असतील, तर योजनेत नोंदलेल्या विक्रेत्यांपैकी किमान दोघांकडून लेखी दरपत्रक घेऊन अर्ज करण्यास मदत करावी. उत्तरे तशी नसतील, तर तूर्त थांबण्याचा सल्लाही तितक्याच मोकळेपणाने द्यावा.

आपल्या छपरावर पडणारे ऊन आजवर फुकट जात होते. ते आता घराच्या व गाडीच्या कामी येऊ शकते. बी पेरण्यापूर्वी आपण जमिनीचा पोत पाहतो. त्याचप्रमाणे संच बसविण्यापूर्वी बिल, छप्पर व हप्ता या तिन्ही गोष्टी पाहाव्यात.