नात्सुमे : अदृश्यांचा सोबती

सोलापूरच्या वाचकाला मुंजा नवा नाही. मुंज झालेला मुलगा सोडमुंजीआधीच दगावला, तर तो पिंपळावर वस्तीला येतो, ही जुनी समजूत. २०२४ च्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटात तो बुजऱ्या बिट्टूच्या मागे लागतो. भोवतालच्यांना मात्र दिसत नाही.

युकी मिदोरिकावा यांच्या जपानी चित्रकथेतील (२००३) नात्सुमे ताकाशी याच जातकुळीतला. २००८ पासून तो अ‍ॅनिमेतही आला. या पोरक्या मुलाला ‘योकाई’ दिसतात, म्हणून नातेवाईक त्याला खोटारडा ठरवतात. त्याला एकटे पाडले ते भुतांनी नव्हे, माणसांनी!

आजी रेइकोने योकाईंना हरवून त्यांची नावे वहीत लिहून घेतली होती. नात्सुमे ती एकेक करून परत करतो. त्या वेळी योकाईच्या आठवणी त्याला दिसतात. त्यांत अनेकदा आजीचा एकाकीपणाही असतो.