चांचणी कोणीं वाचावयाची?

आमच्या पलूस तालुक्यांत किर्लोस्करवाडी आहे. १९१० सालीं वसलेल्या या कारखान्याच्या गांवामुळें यंत्र कसें तयार होतें हें इकडच्या पोरासोरांनाही थोडेंबहुत ठाऊक असतें : एकेक भाग आधीं निराळा तपासावयाचा, मग जोडावयाचा. संगणकाच्या आज्ञावलीचेंही तसेंच. तिचा एकेक लहान भाग तपासण्यासाठीं जी छोटी आज्ञावली लिहितात, तिला ‘युनिट टेस्ट’ म्हणतात.

दहावीच्या परीक्षेचें उदाहरण घेऊं. विषयांत शंभरांपैकीं ३५ गुण मिळाले कीं विद्यार्थी उत्तीर्ण. हा निकाल ठरविणारी आज्ञावली मनुष्यानें तपासावयाची म्हटली, तर तो एका चांचणीला नांव देईल ‘३५ गुणांस उत्तीर्ण’, दुसरीला ‘३४ गुणांस अनुत्तीर्ण’. वाचणाराला आणखी कांहीं विचारावें लागत नाहीं. (हातानें लिहिलेली प्रत्येक चांचणी इतकी सुबोध असते असें मात्र नव्हे, घाईनें लिहिणारे येथेंही आहेतच.)

आतां हें काम यंत्रही करतें. २०११ सालीं पुढें आलेलें ‘इव्होसूट’ हें साधन जावा भाषेंतील आज्ञावलीसाठीं अशा चांचण्या आपोआप लिहितें. यंत्राचा उरक दांडगा. आज्ञावलींतील एकही वाट तपासल्यावांचून राहूं नये, असा त्याचा यत्न असतो. पण नांवें पाहा : ‘टेस्ट०’, ‘टेस्ट१’, आंतल्या राशीचें नांव ‘इंट०’, आणि गुण म्हणून घेतलेली संख्या एखादे वेळीं उणे १४८७!

ही तक्रार केवळ दिसण्याची नव्हे. यंत्राला परीक्षेचा नियम ठाऊक नसतो. समोरची आज्ञावली जें उत्तर देते, तेंच तें योग्य उत्तर म्हणून नोंदवितें. समजा, लिहिणाराच्या हातून ‘३५ किंवा अधिक’ याऐवजीं ‘३५ हून अधिक’ असें पडलें. यंत्र ३५ गुण घालून पाहील, उत्तर ‘अनुत्तीर्ण’ येईल, आणि तेंच चांचणींत कायम होईल. पुढें कोणीं चूक सुधारलीच, तर ही चांचणीच उलट ओरड करील! तोंवर काठावरचें पोर नापास. ही चूक ओळखावयाची ती मनुष्यानेंच. आणि ‘टेस्ट७’, ‘इंट०’ अशा शेंकडों ओळींच्या गर्दींत त्याची नजर ठरावी कशी?

२०१७ सालीं एर्मिरा डाका व त्यांचे सहकारी यांनीं एक रीत मांडली : चांचणींत काय दिलें व काय मिळालें, यावरून यंत्रानेंच तिला वर्णनपर नांव द्यावें. अशा धर्तीवर वरच्या चांचणीचें नांव ‘३५ गुणांस अनुत्तीर्ण’ असें पडलें असतें, आणि आज्ञावलीचें एक अक्षर न जाणणाऱ्या पालकानेंही तें वाचतांच हरकत घेतली असती.