समुद्र मागे सरतो तेव्हा

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर व्हेर्नात्सा नावाचं एक छोटं गाव आहे. तिथली पिवळी, गुलाबी, विटकरी रंगाची घरं थेट बंदरावर उभी आहेत. उंबरठा ओलांडून चार पावलं टाकली की होडी. व्हेर्नात्सा धरून अशी पाच गावं ओळीने आहेत, त्यांना मिळून चिंक्वे तेर्रे म्हणतात. १९९७ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. नव्याने लग्न झालेली जोडपी फोटो काढायला जिथे जातात, ती हीच गावं.

आम्ही दोघं सुरतेला राहतो, मूळ खानदेशचे. सुट्टीला आम्ही आपल्याच किनाऱ्यावरची गावं बघायची ठरवली: सुवाली, डुमस, उभराट, दांडी. प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट खटकत राहिली. समुद्राकाठचं गाव म्हणून जावं, तर गाव समुद्रापासून चांगलंच मागे. मधे बाभळीची झुडपं, खाजण, चिखल, आणि मग कुठेतरी लांब पाण्याची रेघ. व्हेर्नात्सासारखं एकही घर पाण्यात पाय सोडून का बसत नाही?

उत्तर भरती-ओहोटीत आहे, आणि ते समजल्यापासून मला हा किनारा जगातल्या कुठल्याही किनाऱ्याइतका अद्भुत वाटू लागला आहे.

व्हेर्नात्साच्या समुद्रात भरती आणि ओहोटी यांतला फरक जेमतेम तीसेक सेंटिमीटर असतो. वादळी लाटा तिथेही आदळतात, पण पाण्याची पातळी रोज जिथल्या तिथेच. भूमध्य समुद्र जवळपास चारही बाजूंनी बंद आहे. महासागराशी त्याची गाठ पडते ती जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत, आणि ती सर्वांत अरुंद जागी १४ किलोमीटरच्या आसपास. एवढ्याशा दारातून महासागराची भरती आत येणार तरी किती? म्हणून तिथल्या माणसाने बिनधास्त पाण्याला खेटून घर बांधलं.

आता आपल्या बाजूच्या खंबातच्या आखाताकडे या. मुंबईला उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेजवळच्या मोठ्या भरतीच्या, दिवशी पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. सुरत ओलांडून उत्तरेला जावं तसा हा आकडा वाढत जातो आणि भावनगरला मोठ्या उधाणात दहा मीटरच्याही पुढे जातो. तीन मजली इमारत दिवसातून दोनदा बुडते आणि दोनदा उघडी पडते, असं हे पाणी. भावनगर बंदरात ओहोटीला जहाजं चिखलात बसू नयेत म्हणून दार लावून पाणी अडवून ठेवावं लागतं. तिथून जवळच्या अलंगला उलट याच भरतीवर धंदा चालतो. भंगारात काढलेलं अजस्र जहाज उधाणाच्या पाण्यावर स्वार करून थेट किनाऱ्यावर चढवायचं. पाणी उतरलं की जहाज कोरड्यावर, मग तोडायला घ्यायचं.

चंद्र तोच, मग इथेच एवढं पाणी का? खुल्या महासागरात चंद्र-सूर्याच्या ओढीने पाणी उचललं जातं ते एखाद्या मीटरच्या आतच. पण मुंबई ते खंबात या पट्ट्यासमोर समुद्राचा तळ फार दूरपर्यंत उथळ आहे. भारताच्या किनाऱ्यावर इतकं रुंद उथळ पाणी दुसरीकडे नाही. खोल समुद्रातून आलेली भरतीची लाट या उथळ भागात शिरली की तिचा वेग कमी होतो आणि उंची वाढते. त्यात आखात तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं, त्यामुळे तेवढंच पाणी कमी जागेत दाटतं. शिवाय या साऱ्या पाण्याला हेलकावे घ्यायची स्वतःची एक लय आहे, आणि ती भरतीच्या सुमारे साडेबारा तासांच्या फेऱ्याला बरीच जुळते. झोक्याला नेमक्या वेळी धक्का मिळत गेला की तो उंच जातो, तसंच हे.

सुवालीला हे डोळ्यांनी दिसतं. ओहोटी लागली की पाणी मागे सरताना चिखलावर बारीक वळ्या सोडून जातं. जरा वाकून पाहिलं तर त्या वळ्यांमध्ये बोटाएवढ्या निवट्या उड्या मारत असतात. मासा असून कोरड्यावर चालणारा हा जीव! डोळे डोक्याच्या वर, पुढचे पर टेकून सरपटतो आणि कातडी ओली असेपर्यंत कातडीतूनही श्वास घेतो. भरती आणि ओहोटी यांच्या मधलं हे जग त्याचंच आहे. मीठ फुटलेली रेती ओलांडून आम्ही पाण्याकडे निघालो होतो, तेव्हा जाळं आवरणाऱ्या एका काकांनी हाक मारून परत बोलावलं. पाणी समोरून येताना दिसतं, पण आधी ते बाजूच्या खळग्यांतून गुपचूप मागे येतं, हे त्यांनी हाताने दाखवलं. थोड्या वेळाने पाहिलं, तर आम्ही जिथून वळलो होतो ती जागा खरोखरच बेटासारखी वेढली गेली होती.

या पाण्याची ख्याती फार जुनी आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचच्या भरतीचं सविस्तर वर्णन आहे, आणि परक्या जहाजांना वाट दाखवायला राजाच्या चाकरीतले कोळी होड्या घेऊन पुढे येत, अशी नोंद आहे. सुवालीजवळ वाळूचा बांध आणि किनारा यांच्या मधे खोल पाण्याची एक पट्टी होती, तिथे इंग्रजांची जहाजं नांगरत. १६१२ च्या नोव्हेंबरात इथेच कॅप्टन थॉमस बेस्टची पोर्तुगीजांशी लढाई झाली. पोर्तुगीजांच्या चार गॅलियन जहाजांपैकी तीन उथळ पाण्यात रुतली. ईस्ट इंडिया कंपनीचं सुरतेतलं बस्तान त्यानंतर पक्कं झालं. इतिहासाच्या पुस्तकात आपण वखार वाचतो. वखारीच्या मागचा वाळूचा बांध वाचायचा राहून जातो.

आणि याच किनाऱ्यावर १६२३ च्या फेब्रुवारीत एक इटालियन उतरला: पिएत्रो देल्ला व्हाल्ले, रोमचा. १६१४ साली तो व्हेनिसहून निघाला होता. १६१६ मध्ये बगदादला मआनी नावाच्या तरुण सिरियन ख्रिस्ती मुलीशी त्याने लग्न केलं आणि दोघं मिळून इराण फिरू लागले. होर्मुझजवळ मिनाबला, १६२१ च्या डिसेंबरअखेर, तापाने ती गेली. वय तेवीसच्या आसपास. त्याने तिला तिथे पुरलं नाही. कापूर घालून देह जतन केला, पेटीत ठेवला आणि सोबत घेतला. ती पेटी सुरतेला आली, पुढे त्याच्या मागोमाग हिंडली आणि अखेर १६२७ मध्ये रोमच्या आराचेली चर्चमध्ये मआनीचं दफन झालं. सुवालीच्या रेतीवर उभं राहिलं की मला इंग्रज-पोर्तुगीजांच्या आधी हे जोडपं आठवतं. आपल्या किनाऱ्यावर इटलीहून आलेली याहून मोठी प्रेमकथा मला माहीत नाही.

डुमसला गर्दी असते, आणि टोमॅटोची भजी खाल्ल्याशिवाय तिथून कोणी परतत नाही. तिथली रेती काळी आहे, आणि त्यावर भुताखेतांच्या गोष्टी फार सांगितल्या जातात. मला तिचं खरं कूळ जास्त विलक्षण वाटतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण दख्खनभर पसरला आहे. तापी मुलताईहून निघते, भुसावळ-जळगावकडचा तोच पाषाण झिजवत येते आणि डुमसपाशी समुद्राला मिळते. त्या पाषाणातली लोहयुक्त जड खनिजं लाटा निवडून मागे ठेवतात. डुमसला ओंजळीत घेतलेल्या काळ्या रेतीत खानदेशही आला.

दांडीचं मीठही भरतीचंच. उधाणाला पाणी सपाट खाजणात लांबवर शिरतं, नंतर आठवडाभर भांगाच्या, म्हणजे कमी उंचीच्या, भरत्या तिथवर पोचत नाहीत, आणि अडकलेलं पाणी उन्हात आटून मिठाचा थर धरतं. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी उचललं ते हे आयतं मीठ. त्याआधीची अमावास्या मार्चच्या अगदी शेवटी होऊन गेली होती, म्हणजे उधाण होऊन जवळपास आठवडा झाला होता. सरकारी माणसांनी थर चिखलात तुडवून ठेवले होते, तरी मूठभर सापडलंच.

जायचं असेल तर पंचांग बघून जा. कोकणात भरतीचा हिशेब तिथीच्या पाऊणपटीने करतात: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. आखातात पाणी आत पोचायला वेळ लागतो, म्हणून सुरतेकडे हीच वेळ बरीच पुढे जाते. स्थानिक माणसाला विचारलेलं बरं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सुवालीला पाण्याचा चढ-उतार पाहावा, पण किनाऱ्यावरूनच. आणि दांडीला उन्हाळ्यात, उधाण होऊन गेल्यावर आठवड्याने जावं, म्हणजे खाजणात पांढरा थर दिसायची आशा असते.