वल्ह्यांची शर्यत आणि प्रवेशाचा हक्क

नौकानयनाच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीचे अंतर दोन हजार मीटर असते आणि त्यासाठी पाण्यावर सहसा सहा पट्ट्या आखलेल्या असतात. एका वेळी सहाच नौका सुटू शकत असल्यामुळे ऑलिंपिकसारख्या स्पर्धेत प्रत्येक प्रकारातील नौकांची संख्या आधीच ठरवून द्यावी लागते. २०१६ साली रिओ द जानेरो येथे पुरुषांच्या एकेरी शर्यतीत, म्हणजे ज्या नौकेत एकच नाविक दोन हातांत दोन वल्ही धरतो तिच्या शर्यतीत, ३२ नौका उतरल्या होत्या. मग जगातील शेकडो नाविकांतून हे ३२ निवडायचे कसे?

धावण्याच्या शर्यतीत ठराविक वेळेची अट घालता येते. पाण्यावर मात्र अशी अट फारशी उपयोगाची नाही, कारण वाऱ्याची दिशा पालटली की त्याच नाविकाची वेळ अर्ध्या मिनिटाने बदलू शकते. म्हणून येथे घड्याळापेक्षा क्रमांकाला मान दिला जातो: त्याच दिवशी, त्याच पाण्यावर आपल्या पुढे कितीजण होते, एवढेच पाहिले जाते.

हा क्रमांक मिळविण्याची मुख्य द्वारे तीन आहेत. पहिले द्वार म्हणजे ऑलिंपिकच्या आदल्या वर्षीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. २०१५ साली तिच्यातील एकेरी शर्यतीच्या पहिल्या नऊ नौकांना थेट प्रवेश मिळाला. हा प्रवेश देशाच्या नावे जमा होतो. नौकेत कोणाला बसवायचे ते देश नंतर ठरवतो. दुसरे द्वार खंडवार पात्रता स्पर्धेचे आणि तिसरे अखेरच्या पात्रता स्पर्धेचे. यांखेरीज नौकानयनात मागे असलेल्या देशांसाठी काही थोड्या जागा राखून ठेवलेल्या असतात.

भारतीय नाविक बहुधा दुसऱ्या द्वाराने आत गेले आहेत. नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे दत्तू बबन भोकनळ यांचे गाव. हा भाग अवर्षणाचा. विहिरी खणण्याचे काम केलेल्या या तरुणाला वल्ह्याची ओळख झाली ती सैन्यात भरती झाल्यावर. पुण्यातील सैन्याच्या नौकानयन केंद्रात ते तयार झाले. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे आशिया व ओशनिया विभागाच्या पात्रता स्पर्धेत त्यांनी ७ मिनिटे ७.६३ सेकंद घेऊन दुसरा क्रमांक मिळविला आणि रिओचा प्रवेश निश्चित केला.

रिओच्या सरोवरावर त्यांची पहिली शर्यत ७ मिनिटे २१.६७ सेकंदांची झाली, तर शेवटची ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांची. नाविक तोच, पाणीही तेच. तरी काही दिवसांत सुमारे २७ सेकंदांचा फरक पडला. ७ मिनिटांची अट घातली असती, तर हाच नाविक एका दिवशी पात्र आणि दुसऱ्या दिवशी अपात्र ठरला असता. एकूण ३२ जणांत त्यांचा तेरावा क्रमांक लागला.

क्रमांकाची ही पद्धत न्याय्य असली, तरी ती निष्ठुरही आहे. मे २०२१ मध्ये टोकियो येथील पात्रता स्पर्धेत अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग यांनी हलक्या वजनाच्या दुहेरी शर्यतीत दुसरा क्रमांक मिळविला. त्याच स्पर्धेत जकार खान एकेरी शर्यतीत चौथे आले. तेथे पहिल्या पाचांना प्रवेश होता. परंतु त्या द्वाराने एका देशाच्या पुरुषांची एकच नौका आत जाऊ शकत होती. दुहेरी नौका गेली आणि पात्र क्रमांक मिळवूनही जकार खान मागे राहिले. गेलेल्या जोडीने ऑलिंपिकमध्ये अकरावा क्रमांक मिळविला.

असा नियम केला नाही, तर दोन-चार बलाढ्य देशच एका खंडाच्या साऱ्या जागा घेऊन जातील. अधिक देशांना पाण्यावर उतरता यावे म्हणून त्याची किंमत एखाद्या नाविकाला मोजावी लागते. २००० पासून २०२४ पर्यंत भारताच्या ज्या नौका ऑलिंपिकला पोहोचल्या, त्या साऱ्या एका वा दोघा नाविकांच्या होत्या. चौघांची वा आठांची एकही नाही. २०२४ साली बलराज पन्वर हेही चुंगजू येथे तिसरा क्रमांक मिळवून एकट्याच्याच नौकेतून पॅरिसला गेले. मोठ्या नौकेसाठी ते द्वार भारताला अजून उघडायचे आहे.